दुसरी लहर

मनोरुग्णालयाच्या प्रयोगशाळेत शेवंता कुंभार तारांची जाळीदार टोपी घालून बसली होती. ती बरी होऊन वर्षं लोटली होती. पण आप्ताने ओळखून नेल्याशिवाय बऱ्या रुग्णाला फाटक उघडायचं नाही, असा नियम. बाहेर वेडे मोकाट फिरतात, त्यांना कुठलाच नियम नाही.

शेजारी फ्लोरी डाबरे. तीही बरी, तीही अडकलेली. टोपीची धास्ती घेतलेल्या शेवंताने तिचा हात घट्ट धरला होता.

"चेहरा दिसला की मेंदूत दोन लहरी उठतात," टोप्यांना जोडलेलं हे आप्तदर्शक यंत्र बनवणाऱ्या डॉ. तनुजा चांदोरकर अधीक्षकांना सांगत होत्या. "पहिली म्हणते, हा अमुक. दुसरी म्हणते, हा माझा. दुसरी मेली की सख्खी आईसुद्धा सोंग वाटते."

"आणि दोघांचीही दुसरी उठली तरच आप्त?" अधीक्षक डॉ. मणेरांनी विचारलं.

"हो. नात्याचे कागद बघायचेच नाहीत. कागद तर टाकून जाणाऱ्यांकडेही असतात."

शेवंताचा भाऊ दादाराव दुसरी टोपी घालून समोर बसला.

"ही कोण बाई? मी न्हाई वळखत."

यंत्राच्या पडद्यावर त्याची पहिली लहर ताडकन उभी राहिली.

"वळखता की," मणेर म्हणाले.

दादाराव घामाघूम झाला. "पोरीचं लगीन ठरलंय, सायेब. घरात येडी हाय म्हटल्यावर…"

"येडी व्हते," शेवंता म्हणाली. "आता नुसती तुझी भन हाय."

त्याची दुसरी लहर हललीसुद्धा नाही. तिचीही नाही, वाट बघून बघून विझली असावी. दादारावाने टोपी काढली आणि सुटल्यासारखा निघून गेला.

"संपलं," मणेर पुटपुटले. "दुसरं कुणीच नाही हिचं."

शेवंताने मान खाली घातली. फ्लोरी उठली, दादारावाची टोपी डोक्यावर चढवली, तिच्या तारा कपाळावरून दोन्ही बाजूंना सोडल्या आणि शेवंतापुढे उकिडवी बसली.

"ए शेवंते, वर बघ. मुंडावळ्या कशा दिसतात मला?"

शेवंता रडता रडता फिस्सकन हसली.

यंत्र वाजलं. पडद्यावर चारही लहरी ताठ उभ्या होत्या. खाली अक्षरं उमटली: आप्त सापडला.

"अहो, पण ही रुग्ण आहे!" मणेर ओरडले.

"आप्त बाहेरचाच हवा, असं नियमात कुठे आहे?" तनुजाबाई म्हणाल्या.

"मग फ्लोरीला कोण नेणार?"

तनुजाबाईंनी नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. मणेरांनी दोघींच्या चारही लहरी एकेक करून मोजल्या. मग खिशातून पेन काढून त्यांनी दोन्ही सुटकापत्रांवर सही केली.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने दोघींना अडवलं. "कोण कुणाला घेऊन चाललंय?"

"ही मला," दोघी एकदम म्हणाल्या.