आभासी ऊर्मीला वाढलेली बासुंदी

सांगलीच्या 'सायंसोबत' मंडळात आता पत्रिका कुणी मागत नसे, खेळ मागत. साठीपुढच्या एकट्या माणसांना पुन्हा जोडीदार शोधून देणारं हे मंडळ. येणाऱ्याने आधी आठवडाभर 'सहवास' नावाचा खेळ खेळायचा. चष्मा चढवला की समोर आभासी जोडीदार उभा राही. त्याच्याशी बोलायचं, फिरायचं, रुसवे काढायचे. खेळ प्रौढांचा, त्यामुळे त्यात शयनगृहाचं दारही होतं. पण मंडळाच्या बहुतेक सभासदांना तिथवर पोचण्याआधीच डुलकी लागे. खेळताना माणूस कसा वागला यावरून तो खऱ्या घरात कसा वागेल हे यंत्र सांगे. या निदानाला 'मनछाया' म्हणत.

हेमंत गुळवणींची मनछाया वाईट आली होती.

आयुष्यभर दंतवैद्यांना कवळ्या घडवून दिलेला हा माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मंडळाच्या सहलीत वैशाली आरवाडे शेजारी बसल्या, पोटभर हसल्या आणि उतरताना "पुन्हा भेटू" म्हणाल्या. तेवढ्यावर गुळवणींनी घराला रंग काढला होता.

"काका, शंभरात अठरा," मंडळाच्या चिटणीस पल्लवीताई म्हणाल्या. "एवढे गुण पडलेल्या मागच्या गृहस्थांवर सध्या खटला चालू आहे."

"अहो, पण केलं काय मी?"

"नकाराचा अनादर. खेळातली तुमची जोडीदार ऊर्मी नको म्हणाली, तुम्ही वाढलंत. पुन्हा नको म्हणाली, पुन्हा वाढलंत. शेवटी तिनं वाटीवर हात धरला, तर तुम्ही बोटांच्या फटीतून ओतलंत."

"बासुंदी होती हो ती!"

"मनछायेला बासुंदी दिसत नाही. नकार दिसतो."

"ती लाजत होती."

"तिच्यात लाजणं बसवलेलं नाही, काका. पुढच्या आवृत्तीत येणार आहे."

खेळ बनवला होता दूरच्या मुलखात. तिथला पाहुणा पहिल्यांदा 'नको' म्हणतो तेव्हा त्याचं पोट खरोखरच भरलेलं असतं. गुळवणींना आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. आग्रह म्हणजे माया, असंच त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. पण यंत्राचं म्हणणं खरं असलं तर?

"वैशालीताईंना तुमचा निकाल कळवलाय, तसा नियम आहे," पल्लवीताई म्हणाल्या. "तरी त्या रविवारी तुमच्याकडे येते म्हणाल्यात. तुमच्या जागी मी असते तर एवढंच लक्षात ठेवलं असतं. नको म्हणाल्या की थांबायचं. ही भेट बिघडली तर दुसरी नाही."

रविवारी दुपारी वैशालीबाई आल्या. गुळवणींनी थालीपीठ लावलं होतं, वर लोण्याचा गोळा ठेवला होता. ताटली त्यांच्यापुढे धरून ते म्हणाले, "घ्या ना."

"नको हो, आत्ताच तर..."

गुळवणींनी ताटली उचलली आणि आत नेऊन ठेवली. वैशालीबाई ताटलीकडे पाहत राहिल्या, ती दिसेनाशी होईपर्यंत.

"कॉफी?"

"छे, कशाला उगाच..."

कॉफीही आत गेली. गुळवणी परत येऊन हात मांडीवर ठेवून बसले, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे. आपण फार चांगलं वागतो आहोत याची त्यांना खात्री होती.

"गुळवणी," वैशालीबाई म्हणाल्या, "पाणी मागितलं तर मिळेल, की त्याचाही असाच निकाल लावणार आहात?"

गुळवणींनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. बासुंदी, बोटांची फट, सगळं. वैशालीबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की खुर्ची सरकली.

"अहो, मी सकाळपासून उपाशी आहे! चांगलं जेवायला मिळणार म्हणून आले. आणा ते थालीपीठ."

खाता खाता त्यांनी हातातला तुकडा ताटलीत ठेवला.

"मला किती पडले विचारा."

"किती?"

"सत्त्याण्णव. मंडळात एवढे कुणालाच पडले नाहीत."

गुळवणींचा चेहरा पडला. "मग तुम्ही अठरावाल्याकडे कशाला आलात?"

"ऐका. माझा आभासी नवरा रोज विचारायचा, कुठे जायचं? मी म्हणायचे, तुम्ही म्हणाल तिथं. तो मला बोटीतून न्यायचा. मला बोटीत मळमळतं, गुळवणी. त्या चष्म्यातसुद्धा मळमळलं. तरी मी हसत होते. यंत्रानं शेरा दिला, आदर्श साथ." त्यांनी लोण्याचं बोट पुसलं. "आमचे हे माणूस म्हणून वाईट नव्हते. पण सगळा संसार मी त्या बोटीतच काढला. यंत्र 'नको'ला एवढं जपतं, मग माझं 'हो' एकदाही तपासून का पाहिलं नाही त्यानं?"

गुळवणींनी आतून कॉफी आणली. ती निवली होती. दोघांनी तशीच घेतली.

"आज संध्याकाळी कुठे जायचं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्ह..." वैशालीबाईंनी ओठ मिटले.

गुळवणींच्या जिभेवर चार ठिकाणं येऊन उभी होती. कृष्णेचा घाट, आमराई, नवं नाट्यगृह आणि भेळेचा गाडा. एकेक सुचवावं, गळ घालावी, असं फार वाटत होतं. पण त्यांनी चारही गिळली. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. वैशालीबाई खिडकीकडे पाहत होत्या. उत्तर तोंडपाठ नसलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. तो चेहरा गुळवणींना सहलीतल्या हसऱ्या चेहऱ्यापेक्षाही आवडला.

"आणि मी सांगितलं," त्या हळूच म्हणाल्या, "ते तुम्हाला मुळीच पटलं नाही, तर?"

"तर भांडू की."

"मला भांडता येत नाही. कधी भांडलेच नाही."

"मलाही फारसं नाही येत. आमच्या घरी कुणी रागावलं की आम्ही वाढायला घ्यायचो."

वैशालीबाईंनी रिकामी ताटली बाजूला सारली, पाठ ताठ केली आणि थोड्या धाकधुकीनंच विचारलं, "मग सुरुवात कुणी करायची?"