डाव्या हाताची सवय

नागिउरा बंदरावरच्या माशाच्या वड्यांच्या कारखान्यात त्या दिवशी नवे संगणक आले. दुपारची वेळ. बाहेर बारीक बर्फ पडत होतं आणि रॉकेलच्या शेगडीवर किटली हळूहळू वाजत होती. कुरिहाशी साहेब खिशात एक पत्र घेऊन टेबलाशी उभे होते. यंत्र चालू व्हावं आणि उत्तर लिहून मोकळं व्हावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पत्र मितामुराबाईंच्या आईचं होतं. मितामुराबाई याच टेबलावर अकरा वर्षं वेष्टनांवरचा मजकूर टंकत बसायच्या. दोन वर्षांपूर्वी एका वेष्टनावर कोळंबीचं नाव राहून गेलं. कोळंबी न सोसणारी एक मुलगी मरता मरता वाचली. तो मजकूर कुरिहाशींनी दिला होता. माफीपत्र मात्र मितामुराबाईंनी लिहिलं आणि कुरिहाशी शेजारी बसून चहा पीत राहिले. बाईंनी नोकरी सोडली. गेल्या फेब्रुवारीत त्या आजारपणात वारल्या.

'चूक खरंच माझ्या लेकीची होती का?' आईनं विचारलं होतं. 'तिच्या पहिल्या स्मृतिदिनी तुमचं उत्तर तिच्या फोटोपुढे ठेवीन.'

"साहेब, तुमच्या जुन्या खात्यातलं काही उचलता येत नाहीये," संगणकवाले इसोबे म्हणाले. "पण मितामुराबाईंचं खातं अजून आहे. त्यातल्या सवयी तुमच्या खात्यात उतरवतो. अक्षराचा आकार, पत्ते, शिकवलेले शब्द. अकरा वर्षांची मेहनत फुकटात मिळतेय, घ्या की."

नको म्हणायचं, तर का ते सांगावं लागलं असतं. कुरिहाशी खाली बघत म्हणाले, "बरं."

पडदा उजळला. अक्षरं मोठी झाली.

"अहो इसोबे, माउसची बटणं उलटी चालतायत."

"बाई डावखुऱ्या होत्या ना. उद्या बदलतो. खाली सगळे माझ्या नावानं शंख करतायत."

इसोबे गेले. कुरिहाशींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग माउस डावीकडे सरकवला. हात सहज बसला, जणू रोजचाच.

त्यांनी लिहायला घेतलं. या संगणकांवर पहिली दोन अक्षरं टंकली, की यंत्र पुढचं सगळं सुचवतं. ज्याचं खातं, त्याच्या बोटांना जे वळण, तेच ते पुढे करतं. कुरिहाशींनी 'क्षमा'ची सुरुवात केली आणि खाली ओळ उमटली : 'क्षमा असावी, चूक सर्वस्वी माझी आहे.' माफीपत्रातली ओळ. त्यांचे कान तापले.

त्यांना लिहायचं होतं, 'जुन्या नोंदी आता सापडत नाहीत.' 'जुन्या' टंकलं. खाली आलं : 'जुन्या मजकुरात कोळंबी नव्हती. मला दिला तसाच मी टंकला.'

हे बाईंनी कधी लिहिलं असेल? कोणाला...?

त्यांनी ती ओळ पुसली. शेगडीवर संत्र्याची साल करपल्यासारखा वास आला. हिवाळ्यात बाई शेगडीवर साली ठेवायच्या. आज तिथे किटलीशिवाय काही नव्हतं. कुरिहाशींनी मान खाली घातली, पडद्याकडे न बघता एकेक अक्षर टंकून खोटं पुरं केलं, कागद छापला आणि पुन्हा न वाचताच घडी घातली. स्वतःचं लिहिलेलं वाचायचीही त्यांना लाज वाटली.

चौथ्या दिवशी फोन आला.

"मी मितामुराची आई. पत्र मिळालं हो."

"...हो."

"तुम्ही सगळं खरं लिहिलंत. मजकूर तुमचा होता, तेही... आणि चहाचंसुद्धा. मी रागावले नाही. हे सांगायला केवढं धैर्य लागलं असेल तुम्हाला."

ते आपण लिहिलंच नाही, हे तरी कुठल्या तोंडानं सांगायचं? आयुष्यात एकदा खरं बोलायची वेळ आली होती, तीही मितामुराबाईंनाच निभावून न्यावी लागली.

"एक विचारू का?" म्हातारी हळूच म्हणाली. "पाकिटावरचा पत्ता माझ्या लेकीच्या हातचा आहे. डावीकडे कललेलं अक्षर, मी डोळे मिटून ओळखीन. तिनं लिहिलेलं पाकीट तुमच्याकडे होतं का अजून?"

पाकीट त्यांनी त्याच दिवशी टपालघराशेजारच्या दुकानातून नवं कोरं घेतलं होतं.

"हो," कुरिहाशी पुटपुटले. "होतं एक."

फोन ठेवताना त्यांच्या ध्यानात आलं, की तो त्यांनी डाव्या हातात धरला होता. त्याच हाताच्या मधल्या बोटावर पेन टेकतं तिथे निळ्या शाईचा डाग होता. चार दिवस ते तो धूत होते.