मरणाची वही, दह्याची वाटी

"गेल्या दहा वर्षांत इथं किती माणसं मेली, ते पाहायचं होतं," चावडीच्या दारात उभा असलेला तरुण म्हणाला.

मैनानं मान वर केली नाही. टाक दौतीत बुडवला, निथळू दिला.

"कोण गेलं तुमचं?"

"कुणीच नाही."

"मग?"

"परीक्षा आहे."

तेव्हा मात्र तिनं वर पाहिलं. चष्मा, धुळीनं भरलेल्या वहाणा, काखेत जाडजूड इंग्रजी पुस्तक. चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

हे १९२४ सालच्या फाल्गुनातलं. कर्जतच्या तलाठ्यांच्या, तात्या कर्णिकांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जन्म-मृत्यूची नोंदवही गेली काही वर्षं त्यांची मुलगी मैना लिहीत होती. खाली सही तेवढी तात्या करत. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मैना एकवीस वर्षांची होती आणि तिचं लग्न झालेलं नव्हतं. याबद्दल मात्र गाव बोलत होतं.

तरुणाचं नाव गजानन दिघे. बाजारपेठेतल्या मोतीबाईंचा भाचा. मुंबईत एका विमा कंपनीच्या गणित खात्यात कारकून. दोन महिन्यांची रजा काढून तो आत्याकडे अभ्यासाला आला होता. मामलेदारांची चिठ्ठी त्यानं आणली होतीच. तात्यांनी ती मैनाकडून वाचून घेतली आणि म्हणाले, "पाहा. पण वही चावडीबाहेर जाणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो येऊ लागला. दोनला यायचा, चारला जायचा. मैनानं नोंद वाचायची, त्यानं वयाच्या रकान्यात रेघ मारायची. तात्या कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत. पुण्याची गाडी घाटासाठी जादा इंजिन जोडायला थांबली की स्टेशनातून लोखंडाची धडक ऐकू येई, आणि तेवढ्यापुरतं वाचन थांबे.

"कसली हो ही परीक्षा?" तिनं तिसऱ्या दिवशी विचारलं.

"विमागणिताची. घेणारी संस्था लंडनची, बसायचं मुंबईत. शेवटची पायरी राहिलीय."

"आणि तिथं माणसं मोजायला लावतात?"

"समजा, पंचविशीची हजार माणसं आहेत. वर्षभरात त्यांतली किती जातील, ते सांगायचं."

"कोण जाणार, ते?"

"ते नाही. ते कुणालाच सांगता येत नाही. फक्त किती."

"म्हणजे अर्धंच ज्योतिष."

"अर्धं आहे," तो म्हणाला, "म्हणून तर खरं आहे."

मैना हसली. चावडीत आपण हसलो, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

चैत्र लागला. एके दिवशी तो मोठ्या उत्साहात आला. डोंगराखालच्या कातकरवाडीतले मृत्यू त्यानं महिन्यावार मांडले होते. बाकीचे महिने जवळजवळ कोरडे, आणि वैशाख-ज्येष्ठात एकदम ढीग. उन्हाळ्यात वाडीचा झरा आटतो, पाणी बिघडतं, त्यातून हे होतं, असा त्याचा निष्कर्ष. तीन दिवस खपून चार पानं लिहिली होती.

मैनानं ती पानं शांतपणे ऐकून घेतली.

"दसरा झाला की वाडी कुठं असते, माहीत आहे?"

"कुठं?"

"कोळशाच्या भट्ट्यांवर. बायकापोरांसकट. परत येतात ती पावसाच्या तोंडाशी. तिकडं पौषात गेलेलं माणूस इथं ज्येष्ठात पाटलाला सांगतात. आणि ज्या दिवशी सांगतात, ती तारीख पडते वहीत."

गजानननं चारही पानं मधोमध फाडली.

"अहो! पाठकोरी होती ती."

"आणि वयं?" त्यानं घाईनं विचारलं. "वाडीतला प्रत्येक जण वीस, चाळीस नाहीतर साठ कसा?"

त्याचं उत्तर पोलीस पाटील कोंडाजीनं दिलं. तो दारात तंबाखू मळत बसला होता.

"आता काय सांगू, दिघेसाहेब. वाडीतल्या पोशाला वय इचारलं, तर तो म्हनतो मोठा पूर आला त्या साली झालो. आमी काय पुराचा हिशोब मांडत बसायचा? लगीन नाय झालं तर इस. पोरं हायत तर चाळीस. दात नाय, मंग साठ."

"आणि तुमचं वय, पाटील?"

"माजं कुटं लिवलेलं नाय. म्हून तर अजून हाय!"

तात्यासुद्धा खुर्चीत खदखदले. गजानन वहीकडे पाहत राहिला. मग मैनाला हळूच म्हणाला, "परीक्षक नेमकं हेच विचारतात... हातात आलेल्या आकड्यावर विश्वास कितपत ठेवायचा. पुस्तकात याचं एक प्रकरण आहे. तुम्ही ते दोन वाक्यांत सांगितलंत."

"मग त्या परीक्षेला मीच बसते."

"बसा. मी वही वाचतो."

मैना घरून चावडीत येई ती नदीकाठच्या वाटेनं. बाजारातून सरळ रस्ता होता, पण त्या रस्त्यानं ती निघाली की कुणीतरी उंबऱ्यातच थबके. कोर्टाच्या कामाला निघालेला, सोयरिकीला निघालेला... ती पुढं जाईपर्यंत तो दारात वहाणा शोधत राही. पांढऱ्या पायाची, असं गाव तिला म्हणे. म्हणून तिनं स्वतःच वाट बदलली होती. गजानननं याबद्दल कधी विचारलं नाही. आत्याच्या घरी त्याच्या कानांवर काय घातलं गेलं असेल, याचा अंदाज मात्र तिला होता.

आणि मग १९१८ चा आश्विन आला. इन्फ्लुएंझाचा.

"या पानांवर अक्षर दुसऱ्या माणसाचं आहे," तो म्हणाला.

"माझंच आहे. माणूस लहान होतं तेव्हा." तात्या तापानं पडले होते. पंधराव्या वर्षी तिनं आश्विनातली चौदा पानं लिहून काढली होती. ती पहिली.

ती वाचत गेली. पुरुष, तीस, ताप. स्त्री, बावीस, ताप. पुरुष, सव्वीस, ताप. सातव्या पानावर शाईचा एक डाग होता. तिथं ती थांबली.

"पुढं?"

"पुरुष, तेवीस. गुप्त्यांचा धाकटा." तिनं पान उलटलं नाही. "साखरपुडा झाला होता आमचा. मार्गशीर्षात लग्न होतं."

त्याची पेन्सिल हवेतच राहिली.

"१९२१ च्या श्रावणात आणखी एक आहे. स्टेशनातले तारमास्तर. पान लागलं, साप चावला रात्री. त्यांच्याशीही ठरलं होतं. लवकरच तुम्ही त्या पानाशी याल, म्हणून आजच सांगते. वहीतून कळू नये." तिचा आवाज नोंद वाचावी तसा सपाट होता. "महिनाभर माझ्यासमोर बसताय. तेही मोजा एकदा."

कोपऱ्यातली आरामखुर्ची करकरली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजले. तीन वाजले. गजानन आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्याही नाही. मैनानं त्याच्यासाठी पुसून ठेवलेलं बाकडं पुन्हा भिंतीला लावलं. यात नवं काहीच नव्हतं, असं ती स्वतःला सांगत राहिली.

पाचव्या दिवशी तो आला तो उन्हानं रापून, वहाणेचा अंगठा तुटलेला.

"खालापूरला गेलो होतो," उभ्यानंच तो म्हणाला. "खोपोलीच्या गाडीनं. शिळफाट्यापासून पायी. त्याआधी नेरळ आणि पनवेल."

"कशाला?"

"आश्विनातली जी सात पानं वाचून झाली, त्यांत विशी-तिशीतले नऊ अविवाहित पुरुष आहेत. नऊ घरी जाऊन विचारलं. चौघांची लग्नं ठरलेली होती. म्हणजे मुली चार. तुम्ही एक. उरलेल्या तिघी शोधल्या. तिघींची लग्नं झालीत, मुलं आहेत, नवरे धडधाकट आहेत. खालापूरची जनी म्हणाली, वडिलांनी पंधरा दिवसांत मला मामाकडं आणलं. तिथं कुणाला ठाऊकच नव्हतं." तो खाली बसला. "चौघींत फरक एवढाच, की तुम्ही इथंच राहिलात. आणि वही लिहीत राहिलात."

मैना टाक उगाच पुसत राहिली.

"आकडा बरोबर असेल," शेवटी ती म्हणाली. "पण आकडा एका माणसाचं काही सांगत नाही. तुम्हीच म्हणाला होतात. तिसऱ्याचं काय?"

"तिसऱ्याचं वय सत्तावीस आहे," गजानन म्हणाला. मान खाली, कान लाल. "त्या वयाचे हजारात पंधराएक जातात वर्षाला. नऊशे पंच्याऐंशी राहतात. एवढंच सांगू शकतो मी... माझ्याबद्दल."

"आणि त्या पंधरांतले निघालात तर?"

"तर नोंद कराल. डाग न पाडता."

"असलं बोलायचं नाही!" ती एकदम उसळून उठली, आणि तिचे डोळे भरून आले. त्याला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर त्यात होतं. पण ती लगेच सावरली.

"परीक्षा होऊ दे. निकाल लागू दे. मग तात्यांशी बोला."

"का?"

"आज ठरलं आणि तुम्ही नापास झालात, तर गाव काय म्हणेल?"

"आणि निकालावर ठेवलंत, तर गाव म्हणतं ते तुम्हीही खरं धरता, असं होईल." तो हट्टानं बोलत नव्हता, पेपरातलं उदाहरण सोडवावं तसं बोलत होता. "मी दोनदा नापास झालोय, मैनाबाई. तेव्हा तर तुम्ही मला ठाऊकही नव्हतात. मला उत्तर परीक्षेआधी हवंय. नाही म्हणालात तरी चालेल. पण आधी."

कोपऱ्यातून तात्यांचा आवाज आला. "जात जुळते. गोत्र वेगळं आहे. माझी हरकत नाही. पण उत्तर तिनंच द्यायचं."

वैशाखात त्याचा जाण्याचा दिवस उजाडला तरी तिनं उत्तर दिलं नव्हतं.

मोतीबाई आत्यांनी शेजारच्या सवाष्णीला दही घेऊन बोलावलं होतं. गजानननं हात पुढं केला नाही. "परीक्षेला दही कशाला, आत्या? त्यांना लंडनात काय कळणार आहे?"

"गजा, दोनदा असंच म्हणालास, आणि काय झालं?" आत्या रागावून त्याच्याबरोबर स्टेशनापर्यंत आल्या.

त्याच सुमारास मैना घरातून निघाली. नदीकाठच्या वाटेनं नव्हे. भर बाजारातून, सरळ रस्त्यानं, हातात पितळेची वाटी. दुकानांच्या फळ्या उघडत होत्या. हिरू तेली पायरीवरून उतरता उतरता मागं सरकला. मैना थांबली नाही, तिनं मानही खाली घातली नाही.

फलाटावर मोतीबाईंनी तिला पाहिलं आणि त्या भाच्याच्या आडव्या झाल्या.

"अगं, आत्ता? गाडीच्या वेळेला?"

"आत्ताच, आत्या," मैना म्हणाली. तिनं नेहमीसारखं मोतीबाई म्हटलं नाही. आत्या म्हटलं. तिघांनाही ते ऐकू आलं. "जरा बाजूला होता?"

मोतीबाई झाल्या. का झाल्या, ते त्यांनाही पुढं कधी नीट सांगता आलं नाही.

गजानननं उजवा हात पुढं केला. मैनानं त्यावर चमचाभर दही ठेवलं. बोटं क्षणभर तळहाताला टेकली... दह्यापेक्षा गार होती.

"तुमचा तर विश्वास नाही," ती पुटपुटली.

"दह्यावर नाही," तो म्हणाला, आणि ते खाऊन टाकलं.

निकाल श्रावणात आला. गजानन तो हातात घेऊनच गाडीतून उतरला आणि थेट चावडीत गेला. मैनानं त्याचा चेहरा पाहिला, आणि तिच्या हातातला टाक खाली पडला.

"मृत्युमानाच्या पेपरात उत्तम," तो म्हणाला. "वाडीची चूक जशीच्या तशी लिहिली होती. गुंतवणुकीच्या पेपरात नापास. म्हणजे एकूण नापास."

बाहेर पागोळ्या लागल्या होत्या. कोंडाजी दारात तंबाखू मळायचा थांबला. आता हे बाजारात जायला चुलीवर दूध उतू जाण्याइतकाही वेळ लागणार नव्हता, आणि काय म्हणत जाणार हेही मैनाला शब्दन् शब्द ठाऊक होतं.

तिनं वाकून टाक उचलला. टोक वाकलं होतं, ते नखानं सरळ केलं.

"गुंतवणुकीचा अभ्यास किती केला होतात?"

"...फारसा नाही. दोन ते चार इथं असायचो."

"मग बरोबर आहे निकाल," मैना म्हणाली. "तात्या, मार्गशीर्षातला मुहूर्त पाहा."

लग्न मार्गशीर्षात झालं. लोक जेवले आणि बोलले. पुढच्या वैशाखात त्याच फलाटावर मैनानं पुन्हा त्याच्या तळहातावर दही ठेवलं, आणि त्या वर्षी गजानन दिघे विमागणिताच्या शेवटच्या परीक्षेत पास झाला. आठवड्याभरात कर्जतच्या बाजारात एक नवीच गोष्ट सुरू झाली. वकिलीच्या परीक्षेला निघालेला देशमुखांचा मुलगा वाटी घेऊन दारात आला. मागोमाग नेरळहून कुणी आलं. मोतीबाई आत्या तर ओसरीवर बसून सांगू लागल्या, "आमच्या सूनबाईच्या हातचं दही..."

गजानन चिडला. "तुम्ही काही बोलत का नाही? हेही तितकंच खोटं आहे. मागच्या वर्षी याच दह्यावर मी नापास झालो होतो!"

मैना कोमट दुधात विरजण घालत होती. तिनं भांड्यावर झाकण ठेवलं.

"असू दे," ती म्हणाली. "सात वर्षं पायाचं ऐकलं. आता थोडे दिवस दह्याचं ऐकते."