प्रभूचं गाडगं

शलोमी मला पहिल्यांदा दिसली, कारण मी दार चुकलो.

निजामाच्या राज्यातलं ते लेव्हीचं साल होतं. पिकलेली ज्वारी सरकारी माणसं घेऊन जात आणि घरात थोडीच उरे. आम्हा ख्रिस्ती लोकांत तेव्हा एक रीत होती. पहाटे जात्यावर बसताना बाई दळणातली एक मूठ आधी बाजूला काढायची, कुणाचं तरी नाव घेऊन प्रार्थना करायची आणि ती मूठ प्रभूच्या गाडग्यात टाकायची. शनिवारी चर्चच्या मंडळीची बैलगाडी गावोगाव जाऊन ही ज्वारी गोळा करी. ती निराधार म्हाताऱ्यांना जाई. जुना गाडीवान तापानं पडला, म्हणून पाळकसाहेबांनी लोहाऱ्याहून मला धाडलं. मी ख्रिस्ती होतो, पण नावापुरता. आईबाप गेल्यापासून देवाचं आणि माझं फारसं बोलणं नव्हतं.

सास्तूरला मी एका दारात पोतं धरून उभा राहिलो आणि प्रभूची ज्वारी मागितली. आतून त्या घरच्या शरिफाबी आल्या. त्यांनी मला खालवर पाहिलं.

"अरे बेटा, परभू का गाडगा बाजू के घर में हय."

बाजूच्या ओट्यावर कुणीतरी हसलं. पदर तोंडाला लावलेला होता, पण डोळे काही लपले नव्हते. मी उगाच बैलाची वेसण नीट करू लागलो… ती नीटच होती. ही शलोमी, मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या शिमोन मास्तरांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली.

दुसऱ्या शनिवारी मी बरोबर दारात गेलो. तिनं गुळाचा खडा आणि पाणी दिलं. तांब्या देताना तिच्या काचेच्या बांगड्या मनगटावरून घसरून पार कोपरापर्यंत गेल्या. हात इतका वाळला होता. मी विचारलं, घरातच कमी आहे तर मूठ कशाला काढता?

"कमी हाय म्हणूनच आधी काढायची," ती म्हणाली. "जेवल्यावर काढू म्हटलं की हात आखडतो."

"आणि रोज नाव कुणाचं घेता?"

"ज्याला गरज हाय त्याचं. तुमाला कशाला पायजे?"

परतताना वाटभर मी त्या बांगड्यांचाच विचार करत होतो.

पुढच्या शनिवारी गाडगं पोत्यात रिकामं केलं आणि पाठ वळवून माझ्या गाठोड्यातल्या ज्वारीच्या चार मुठी रिकाम्या गाडग्यात टाकल्या. मग गाडगं गुपचूप ओट्यावर भिंतीतल्या देवळीत ठेवलं. म्हटलं, सापडेल तेव्हा शिजवून खातील. असं तीन आठवडे केलं. मी एक वेळ जेवू लागलो, आणि गंमत म्हणजे मला त्याचं काही वाटेना. गाडी हाकताना गाणी म्हणायचो.

चौथ्या रविवारी उपासनेत शिमोन मास्तर उभे राहिले. आम्ही सात मुठी टाकतो आणि गाडग्यात अकरा भरतात, ते म्हणाले. प्रभूनं आमच्या घरात चमत्कार केला. सगळ्या मंडळीनं स्तुती केली. मी खाली मान घालून चटईच्या काड्या उपटत बसलो.

शनिवारी सास्तूरला भुरभुर पाऊस होता. शलोमी ओट्याच्या कडेला उभी होती, आणि आज हसत नव्हती.

"देवाच्या ज्वारीत खडे नसत्यात," ती म्हणाली. "आमची ज्वारी पांढरी, ही तांबूस. पहिल्याच पहाटे वळखली मी."

मी म्हटलं, मग शिजवली का नाही?

"प्रभूच्या गाडग्यातली? ती कशी खायची? तुमची ज्वारी तुमीच परत घेऊन जाताय की, गाडीवान."

मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिनं ते आवरलं.

"बाबाला तवाच सांगायला पायजे व्हतं. पण सांगितलं असतं तर…" ती पावसाकडे पाहत राहिली. "तुमी टाकायचं बंद केलं असतं. ही माझी चूक. पण आता बाबा खोटी साक्ष देऊन बसलाय. खोट्यावर मला प्रार्थना करता येत न्हाय. तुमी आत जा आन् सांगा."

आत गेलो तर मास्तर चिडतील, दार कायमचं बंद होईल, हे मला दिसत होतं. न जावं तर ती पुन्हा माझ्याकडे पाहणार नव्हती. मी पायताण काढलं आणि आत गेलो. सगळं सांगितलं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"तू काय खात व्हतास?"

"एक वेळ जेवत होतो, मास्तर."

"येत्या रविवारी पुन्हा उभं राहावं लागंल मला," ते सावकाश म्हणाले. "सांगंन, चमत्कार झाला ते खरंच हाय. फक्त तो बैलगाडीतनं येतो हे ठाऊक नव्हतं." मग चष्मा लावून त्यांनी मला नीट पाहिलं. "पण कशापायी केलंस, बाळा?"

मी चुलीकडच्या दाराकडे पाहिलं. तिथं भाकरी थापायचा आवाज थांबला होता. मग एकदम पहिल्यापेक्षा जोरात सुरू झाला. मास्तर हसले.

निघताना शलोमी गाडीपर्यंत आली. मी पुन्हा विचारलं, नाव कुणाचं घेतेस?

"पहिल्या शनिवारपासनं एकच घेते," ती म्हणाली. "दार चुकणाऱ्याचं."

ईस्टरनंतर आमचं लग्न झालं. पोरगा आधी आपल्याच दारात आला होता, हे शरिफाबींनी मांडवात एकेकाला गाठून सांगितलं.

पुढं एकोणचाळीस वर्षं तिनं मूठ काढली. सुकाळ असो, दुष्काळ असो, आधी मूठ आणि मग आम्ही. राग आला तरी ती मूठ टाकून मग भांडायची, आणि तोवर तिचा राग निम्मा झालेला असे. देवाशी माझं बोलणं तिच्यामुळंच सुरू झालं.

शलोमी गेल्या पौषात गेली. आता दळण गिरणीत नेतो. आज नेण्याआधी एक मूठ काढली आणि गाडग्यापाशी थांबलो. नाव कुणाचं घ्यावं सुचेना. तिचं घ्यावं, तर तिला आता कशाचीच गरज नाही.

मग तिनं माझ्यासाठी घेतलं होतं, तेच घेतलं. दार चुकणाऱ्याचं.