साक्षीदाराची गोष्ट

जिंतूर रस्त्यावर जीपची धडक बसली. स्कूटी एकीकडे, सुकेशनी दुसरीकडे आणि जीप पसार! मागून येणारी एसटी थांबली. कंडक्टर धावत उतरला, त्यानं आधी तळहातावर जीपचा नंबर लिहिला, मग तिला उचललं आणि प्रवाशांसकट बस थेट परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेली. वाटेत पठ्ठ्यानं तिचं तिकीटसुद्धा फाडलं.

"माझा पाय मोडलाय, अन् तुमी तिकीट फाडायलाव?" ती कळवळली.

"नियम हाय..." तो ओशाळला.

हा सिद्धोधन. पुढं आठवडाभर ड्यूटी सुटली की तो वॉर्डात यायचा — कधी पेरू घेऊन, कधी उगाच. जिन्यावर त्याची पावलं वाजली की सुकेशनी घाईघाईनं केस सारखे करायची.

मग आले आदिनाथ वकील. भरपाईचा दावा त्यांनी दाखल केला आणि तिला बजावलं, "डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार हा एकच. साक्ष होईपर्यंत त्याच्याशी बोलणं बंद. जवळचा निघाला, तर विमा कंपनीचे वकील म्हणतील, साक्ष पढवलेली आहे."

दावा फसला असता, तर पायाचं दुसरं ऑपरेशन राहिलं असतं आणि तिचं शिवणाचं मशीन कायमचं बंद पडलं असतं. तिनं ऐकलं. अकरा महिने! स्टँडवर तो दिसला की ती मान वळवायची. तोही वळवायचा. विसरला की काय हा... पायापेक्षा हेच जास्त दुखायचं.

अखेर साक्षीचा दिवस उजाडला. विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलंच, "अर्जदार तुमच्या कोण?"

कोणी नाही म्हण रे बाबा! सुकेशनी मनात म्हणाली.

सिद्धोधननं तिच्याकडं पाहिलं. "त्या दिवशी कोणीच नव्हत्या, साहेब. नाव बी दवाखान्यात कळलं. पण आज... शपथ घेतलीय म्हणून सांगतो, मला लय आवडतात. त्यांना अजून माहीत न्हाई."

कोर्टात हशा पिकला. आदिनाथ वकिलांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे नंबर प्रेमापोटी आठवला?" विमा कंपनीच्या वकिलांनी टोकलं.

"न्हाई साहेब. माझा हात बघून पोलिसांनी त्याच दुपारी जबाबात लिहून घेतला."

न्यायाधीशांनी कागद उलटले. जबाब होता, तारीख होती, नंबर होता. "लपवण्यासारखं होतं तेच यांनी सांगितलं," ते गालात हसले. "आणखी काही विचारायचंय?"

विमा कंपनीचे वकील खाली बसले. दावा पुढं महिनाभरात मंजूर झाला, पण सुकेशनीच्या मनावरचं ओझं तिथंच उतरलं.

बाहेर व्हरांड्यात तो कान लाल करून उभा होता. "चुकलं का माझं?"

"चुकलंच! मी अकरा महिने तोंडाला कुलूप लावलं, अन् तुमी भर कोर्टात..." तिला हसू आवरेना, आणि डोळे तर कधीच भरून आले होते. हातातली काठी तिनं भिंतीला टेकवली आणि त्याचा दंड धरला.

"मलाबी तुमी आवडता," ती म्हणाली. "लय... पहिल्या दिवसापासून."