जवारीची जागा

वाद्य कोणतेही असो, त्यास हात लावण्यापूर्वी पादत्राणे दूर ठेवावीत, हा दस्तगीर सतारमेकरांच्या घराण्याचा शिरस्ता. म्हणून मिरजेतील त्या सभागृहाच्या रिकाम्या मंचावर ते अनवाणी, मांडी घालून बसले होते. समोर मात्र तंबोरा नव्हता, कीबोर्ड होता. ज्या गायिका कुमुदिनीबाई सोवनींचे तंबोरे त्यांनी चाळीस वर्षे लावले, त्यांचा कंठ आता त्या कीबोर्डात होता.

तीन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेत बाईंचे स्वरयंत्र काढावे लागले. आता गळ्याभोवतीची मऊ पट्टी मज्जातंतूंचे स्पंद टिपी आणि कीबोर्ड त्यांना ध्वनिरूप देई. तो ध्वनिमार्ग कीबोर्डाच्या पडद्यावर उजळ रेषेने दिसे: प्रथम पट्टी, मग संकल्पद्वार, मग स्वर घडवणारा कोष, आणि शेवटी कर्णा. मनात उमटून विरणारे क्षीण स्पंद संकल्पद्वार अडवून धरी. जे बोलायचे असे माणसाने ठरवले, तेवढेच पुढे सोडी.

“दस्तगीरभाई, हा आवाज बँकेतल्या यंत्रासारखा आहे,” शेजारी बसलेल्या बाई कर्ण्यातून सपाट स्वरात म्हणाल्या. “लोक आलाप ऐकतील, की आपला नंबर कधी लागतो याची वाट बघतील?”

भाई हसले. बाईंचा मुलगा श्रीरंग हसला नाही. आईच्या पुनरागमनाची मैफल चार वाजता होती आणि साडेतीन होत आले होते.

“काहीतरी करा भाई. सगळं गाव येतंय.”

“याला जवारी नाही, ताई. थांबा, लावून देतो.”

तंबोऱ्याची तार घोडीवर टेकते तेथे सुताचा धागा सरकवून नाद खुलवायचा, ती जवारी. तिचे स्थान तारेच्या आरंभीच. कीबोर्डातही क्षीण नादांना बळ देणारा एक टप्पा होता. दस्तगीरभाईंनी सवयीच्या बोटाने तो पडद्यावर उचलला आणि मार्गाच्या आरंभी, संकल्पद्वाराच्या अलीकडे, ठेवला.

बाईंनी षड्ज लावला.

किंचित खरखरीत, कडेला उबदार. तोच तो आवाज! श्रीरंगाने रुमाल डोळ्यांना लावला. भाईंनी नकळत कानाच्या पाळीला हात लावला.

मग बाई पाणी पिऊ लागल्या. त्यांचे ओठ पेल्याला होते, आणि तरीही कर्ण्यातून त्यांचाच आवाज आला, अगदी हळू.

“नाही गायचं मला. या पोरासाठी बसलेय.”

पेला तसाच थांबला.

“बिघाड आहे,” श्रीरंग घाईने म्हणाला. “भाई, तेवढा काढून टाका.”

परंतु तो बिघाड नव्हता, हे भाईंच्या ध्यानात आले. चूक त्यांच्या सवयीची होती. आरंभीच्या जवारीने मनातले क्षीण स्पंदही इतके बळकट केले होते, की द्वाराला भेद कळेना. टप्पा द्वाराच्या पलीकडे नेला, तर आवाज असाच राहील आणि ते वाक्य पुन्हा कोणालाही ऐकू येणार नाही. एका बोटाचे काम.

बाहेर लोकांची कुजबुज वाढली होती.

“भाई, अहो, दारं उघडायला हवीत!”

“श्रीरंगराव, जवारी लावताना मी गाणाऱ्यालाच विचारत आलोय. आज न विचारता कसा लावू?” त्यांनी कीबोर्ड बाईंकडे वळवला. “ताई, हे इथंच ठेवू, का पलीकडं नेऊ? तुम्हीच हलवा.”

बाईंनी मुलाकडे पाहिले. त्याच्या हातातला रुमाल अजून ओला होता. त्या प्रसन्न हसल्या, पडद्यावर बोट टेकवले आणि टप्पा द्वाराकडे सरकवू लागल्या.

द्वार केसभर दूर असताना कर्णा कुजबुजला,

“भाई, अडवा मला.”

दस्तगीरभाईंचा हात अर्ध्यावर उठला आणि तिथेच राहिला. बाई मुलाकडे पाहून हसतच होत्या; बोट पुढे सरकतच होते. चाळीस वर्षे भाईंनी कुमुदिनीबाईंचा शब्द खाली पडू दिला नव्हता. पण या क्षणी पाळायचा, तो कोणत्या कुमुदिनीबाईंचा?