नौबादच्या तळघरातली पूर्वेची भिंत

ही घटना खरी आहे.

मी तिथे नव्हतो. पण जिच्या घरात हे घडलं ती पल्लवी माझी मावसबहीण आहे. उदगीरचं माहेर, बीदरचं सासर. उगाच काहीबाही बोलणाऱ्यातली ती नाही. तिने सांगितलं तसंच सांगतो.

जागा बीदरमधलं नौबाद. साल २००६. मे महिना, भर दुपार.

हो, दुपारच. रात्रीचं यात काहीच नाही...

पल्लवीचा नवरा उद्धवराव, भुसार मालाचा व्यापारी. लग्नाच्या आधीच त्याने नौबादला घर बांधलं होतं. वर राहायचं, खाली मोठं तळघर. तळघरात तुरीचे कट्टे, म्हणजे पोती.

त्या मे महिन्यात गल्लीतल्या सगळ्या बोअर आटल्या होत्या. टँकर आला की बायका घागरी घेऊन पळायच्या.

आणि त्याच महिन्यात तळघराची पूर्वेची भिंत ओली झाली.

ओल नेहमी खालून वर चढते. ही तशी नव्हती. खाली भिंत कोरडी. वर छतापर्यंत कोरडी.

मधेच, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर... एक ओला डाग.

भिंतीला लागून असलेला कट्टा पल्लवीने उसवला. आतल्या तुरीला मोड आले होते. पांढरे, बोटभर लांब.

सगळे मोड भिंतीकडे वळलेले होते.

उद्धवरावने अनिलकुमारला बोलावलं. हा पुण्याच्या बांधकामांवर राबून गावी परतलेला, वॉटरप्रूफिंगची कामं घेणारा ठेकेदार. त्याने भिंत हाताने चाचपली, ठोकून पाहिली.

"तीन रस्ते हायेत, अण्णा," तो म्हणाला. "आतून केमिकलचा लेप मारायचा. लवकर हुतंय, पण पाणी भिंतीतच ऱ्हातंय. न्हाईतर कोपऱ्यात खड्डा घेऊन मोटर बसवायची. आलेलं पाणी उपसत बसायचं. आन् तिसरं म्हणजे बाहेरून भिंतीच्या बुडापर्यंत खणायचं, शहाबादी फरशीची पेटी करून भिंत झाकायची. पाणी भिंतीला शिवतच न्हाई मग."

"बाहेरूनच करू की," पल्लवी म्हणाली. "एकदाच काय ते होऊन जाईल."

"बाहेर कुदळ लावायची न्हाई," उद्धवराव म्हणाला.

"कामून?"

"न्हाई म्हणलं ना."

तो ओरडला नाही. पण त्या गार तळघरात त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पल्लवीने तो पाहिला. तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नाही.

लेप ठरला.

अनिलकुमारने भिंत खरवडली, घासली, लेपाचे हात मारले. भिंत राखाडी, गुळगुळीत झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पल्लवी कांदे आणायला खाली गेली. उद्धवराव दुकानावर होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. बाहेर उन्हाने रस्ता ओस पडलेला.

ती कांदे टोपलीत भरत होती.

मागून आवाज आला...

"घे."

बाईचा आवाज. दमलेला. पण अगदी जवळचा.

पल्लवीने वळून पाहिलं. कोणी नाही.

"घे."

बांधकामावर बाया रांगेत उभ्या राहतात, मातीची पाटी पुढच्या बाईच्या हातात देताना असंच म्हणतात. तोच सूर.

आवाज भिंतीतून येत होता.

पल्लवी टोपली तिथेच टाकून वर आली. संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने जेवण अर्धवट सोडलं, हात धुतले आणि अनिलकुमारला फोन लावला.

"उद्या ये. अजून एक लेप मार. जाड मार."

अनिलकुमार आला तेव्हा पहिला लेप गळून पडला होता. तुकडे तुकडे होऊन नव्हे. अख्खा, एखादं कातडं सोलल्यासारखा. त्याच्या मागे भिंतीवर तांबडा चिखल होता.

भिंत काँक्रीटची. आतल्या बाजूला चिखल आला कुठून?

"येवढी वर्सं हेच काम करायलोय," अनिलकुमार म्हणाला. "असं कुठंच बघितलं न्हाई, अक्का."

तरी त्याने काम सुरू केलं. पल्लवी जिन्यात बसून होती. एकट्याला खाली ठेवणं तिला बरं वाटेना.

तो भिंतीकडे तोंड करून लेप ओढत होता. एका हातात थापी. दुसरा हात सवयीने मागे गेला, साईटवर माल घ्यायला जातो तसा.

आणि तो हात... खाली झुकला.

कोणीतरी त्यात वजन ठेवल्यासारखा.

अनिलकुमारने मागे पाहिलं. तळघरात तो एकटाच होता. त्याने हात पुढे घेतला. तळहातावर ओली तांबडी माती होती, बोटांच्या फटीतून गळत होती.

त्याने थापी खाली ठेवली. जिना चढला. अंगणात येऊन टँकरच्या पाण्याच्या पिंपाशी कितीतरी वेळ हात धूत राहिला.

"अक्का," तो शेवटी म्हणाला, "बाहेरून खणायचं असंल तर बोलवा. आत मी आता पाय ठिवणार न्हाई."

उद्धवराव दुपारच्या जेवणाला आला तेव्हा काम अर्धवट पडलेलं. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"मीच मारतो लेप. त्यात काय एवढं."

"अहो, नका जाऊ खाली."

तो गेला.

पल्लवी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. खालून थापीचा आवाज येत होता. खर्र... खर्र...

मग तो थांबला.

आणि दुसरा सुरू झाला.

"घे."

धप्प.

"घे."

धप्प.

माती पडल्याचा आवाज. एकाच लयीत. मधे दम घ्यायलाही कोणी थांबत नव्हतं.

पल्लवी खाली धावली. उद्धवराव भिंतीला पाठ लावून उभा होता. दोन्ही हात वर केलेले, मान ताणलेली. छातीपासून खाली शर्ट ओलाचिंब.

त्याच्याभोवती काहीच नव्हतं. कोरडी फरशी.

"माती काढ," तो म्हणाला. "पल्लवी, माती काढ लवकर."

"कुठाय माती? अहो, काहीच न्हाई इथं."

"छातीपर्यंत आलीय. काढ."

तिने त्याचा हात धरून ओढलं. तो तसूभरही हलला नाही. माणूस जमिनीत पुरलेला असावा तसा घट्ट.

"धप्प" थांबलं. सगळं शांत झालं. त्या शांततेत उद्धवराव बोलायला लागला. पल्लवीशी नाही. समोरच्या कोणाशी तरी.

"यल्लम्मा, माझं चुकलं. सोड मला."

मग सगळं बाहेर आलं.

तळघराचा खड्डा खणताना पूर्वेची दरड ढासळली होती. संतपूरहून आलेली मजूर बाई यल्लम्मा तिच्याखाली सापडली. छातीपर्यंत गाडली गेली. बाकीचे मजूर त्या दिवशी आठवडी बाजाराला गेले होते. जागेवर फक्त उद्धवराव आणि मुकादम जगदेवप्पा.

"ती मेली व्हती ना?" पल्लवीने विचारलं. तिला तेवढं तरी ऐकायचं होतं.

उद्धवरावने नाही अशी मान हलवली.

"जित्ती व्हती. हात वर करून म्हणायली, घ्या मला वर. पाय चेंदले व्हते तिचे. जगली असती तर केस झाली असती, काम बंद पडलं असतं... जगदेवप्पा पाट्या भरून द्यायला व्हता. मी टाकायलो."

"तिच्यावर?"

"तोंड बुजंस्तोवर बघायली माझ्याकडं."

पल्लवीने त्याचा हात सोडून दिला.

ती वर आली. नवरा खालून हाका मारत होता. तिने आधी अनिलकुमारला फोन लावला.

"बाहेरून खणायचं. पूर्वेच्या भिंतीपाशी. माणसं घेऊन या."

मग पोलिसांना लावला.

खणायला फार वेळ लागला नाही. भिंतीला खेटूनच ती सापडली. हाडं उभी होती. दोन्ही हातांची हाडं डोक्याच्या वर, भिंतीला टेकलेली. मनगटाजवळ चांदीची पाटली.

त्या क्षणी खाली उद्धवराव जमिनीवर कोसळला. सुटला, असं सगळ्यांना वाटलं.

पण छातीपासून खालचं त्याचं अंग पुन्हा हललं नाही.

पोलिसांच्या पहाऱ्यात त्याला गुलबर्ग्याच्या एका दवाखान्यात ठेवलं. दुसरा मजला, खिडकीतून लख्ख ऊन. डॉक्टरांनी सगळे फोटो काढले. मणका ठीक, फुप्फुस ठीक. काही सापडेना.

तो आडवा होत नसे. उशा लावून बसून राही. पल्लवी एकदाच भेटायला गेली. जबाब तिने आधीच दिला होता, एक शब्दही न लपवता.

"वर चढायलीय," तो म्हणाला. "काल खांद्यापर्यंत व्हती."

नर्सने सांगितलं, आधी त्याचे हात गेले. मग मान वळेना. रोज तो हनुवटी थोडी आणखी वर करायचा, पाण्यात उभा असल्यासारखा. शेवटी तर नजर छताला लागलेली असायची.

एके दुपारी हनुवटी वर करायला जागाच उरली नाही.

तो तोंड घट्ट मिटून गेला. मेल्यावरही ते उघडता आलं नाही.

यल्लम्माचा नवरा काशाप्पा संतपूरला राहतो. पूर्वी घरची मेंढरं होती, आता दुसऱ्याच्या शेतात जातो. बायको हैदराबादच्या कुण्या फरशीवाल्यासोबत पळाली, असं त्याला मुकादमाने सांगितलं होतं. त्याने हैदराबादच्या गल्ल्या धुंडाळल्या. भावकीने त्याला हसून घेतलं. पोरीचं लग्न जमता जमता मोडलं, आई तसली म्हणून.

सगळं आटोपल्यावर पल्लवी त्याला भेटायला गेली. पाटली त्याच्या हातात ठेवली.

काशाप्पाने ती धोतराच्या सोग्याने पुसली.

"उद्धवराव गेले," पल्लवी म्हणाली. "तिनंच नेलं. आता ती शांत झाली असंल, अण्णा."

"न्हाई," काशाप्पा म्हणाला.

"म्हंजे?"

"माती दिली, दिवस घातले. घास ठिवला. कावळा शिवला न्हाई. आमची यल्लम्मा काम अर्धं टाकून घरी येनारी न्हवती, अक्का. कधीच न्हवती."

जगदेवप्पा मुकादमाचा पत्ता पोलिसांना लागला नव्हता. अजूनही लागलेला नाही. गुलबर्ग्याकडे कुठेतरी नाव बदलून इमारती बांधतो, एवढंच कानावर आहे.

मी गुलबर्ग्यातच राहतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एका नव्या अपार्टमेंटचं काम अचानक बंद पडलं. मजूर निघून गेले. कारण विचारलं तर एक म्हातारा वॉचमन एवढंच म्हणाला, खाली पार्किंगच्या भिंतीला ओल धरलीय.

बांधणारा कोण, हे मी त्याला विचारलं नाही.

पल्लवीलाही सांगितलेलं नाही.